अंगावर काहीच दिसत नाही, तरी रात्रभर खाज. कोणाला असं होतं का?

गिरणाकाठी

राम राम मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण रात्रीचे पावणेदोन वाजलेत, घरातले सगळे झोपलेत आणि मी बैठकीत बसून पोराच्या कंपासमधली फुटपट्टी शर्टात घालून पाठ खाजवून राहिलोय.

वय ४४, चाळीसगावकडे राहतो, हार्डवेअर आणि सिमेंटचं दुकान आहे. शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू सोडून सहा वर्षं झाली. दिवाळीनंतर सुरू झालं हे. आधी फक्त नडग्या खाजायच्या, मग कंबर, आता पाठ. आणि गंमत अशी की अंगावर काही म्हणजे काही नाही, पुरळ नाही, गांधी नाही, लाल नाही, नायटा नाही, मोबाईलचा टॉर्च लावून बायकोने सगळी पाठ बघितली. जे ओरखडे आहेत ते माझ्याच नखांचे. दिवसा दुकानात गिऱ्हाईक असलं की आठवणही येत नाही, अंथरुणावर पडलो गोधडी घेतली की दहा मिनिटांत चालू.

आतापर्यंत काय काय केलं : साबण तीन बदलले. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती लावली की चार दिवस बरं वाटलं मग परत तेच. शेजारचे आप्पा म्हणे रक्त बिघडलंय, रेच घे. आई म्हणते वांगं खाजरं असतं, वांगी बंद कर. आता ऐन थंडीत खान्देशात राहून भरीत बंद म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत, पण केलं बंद, महिना झाला. खाज आहे तिथंच आहे.

प्रश्न एवढाच की काही दिसत नाही तर मग खाजतं काय? आणि दाखवायचं तर कोणाला, स्किनवाल्याला की साध्या डॉक्टरला? बायको म्हणते तुमच्या डोक्यात आहे. कधीकधी मलाही तसंच वाटायला लागतं.

भरीतवाला_भुसावळ

काय भो, एक महिना भरीत बंद? खाज परवडली.

मजाक बाजूला. माझी आजी अहिराणीत एकच इलाज सांगायची, "लिंबना पाला टाकीसन आंग धोय", गोवर असो खरूज असो की नुसतं अंग खाजो, कडुलिंबाचा पाला टाकून आंघोळ. आम्ही करायचो. बरं वाटायचं का नाही ते आता आठवत नाही, पण आजी स्वतः पाणी घालायची त्याचंच बरं वाटत असेल.

आणि तुमची पोस्ट वाचता वाचता मी तीनदा मान खाजवली, हे काय आहे राव? जांभईसारखं खाजेचंही असतं का?

सातपुडा_मास्तर

असतं. खाजेबद्दल वाचलं, बोललं, दुसऱ्याला खाजवताना बघितलं तरी खाज येते, त्यावर प्रयोग झालेले आहेत. म्हणून हा धागा उघडणाऱ्या सगळ्यांनी नखं कापून घ्या.

मी शहाद्याकडचा, बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेव्हा थोडं लांबेल, कंटाळा आला तर खालच्या प्रतिसादाला उडी मारा.

गिरणाकाठी, तुम्ही विचारलं काही दिसत नाही तर खाजतं काय. सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन डॉक्टरने १६६० मध्ये खाजेची जी व्याख्या केली ती आजही पुस्तकांत देतात : अशी नकोशी जाणीव की जिच्यामुळे खाजवावंसं वाटतं. बस, एवढंच. त्यात पुरळ, गांधी हे शब्दच नाहीत. खाज ही जाणीव आहे, ती मज्जातंतूंतून येते, आणि तंतूला चाळवायला अंगावर काही उठलंच पाहिजे असं नाही.

आता माझ्या लहानपणची गोष्ट. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला खाजकुइलीचे वेल भरपूर. थंडीत शेंगा पिकल्या की त्यावर सोनेरी तपकिरी मखमलीसारखी लव येते. दिसायला इतकी सुंदर की हात लावावासा वाटतो, आणि हात लावला की मेलात. सहावीत असताना एका पोराने माझ्या टोपीत ती लव टाकली होती, मी शाळेच्या हौदात डोकं बुडवून बसलो होतो, हेडमास्तरांनी बाहेर काढलं. (तो पोरगा आता माझा व्याही आहे.) पण सांगायचं ते वेगळंच. डास चावला की गांध उठते, ती हिस्टामीनमुळे. कातडीतल्या पेशी ते सोडतात, जागा फुगते, लाल होते, खाजते. खाजकुइलीचं तसं नाही. तिच्या केसात म्युकुनेन नावाचं प्रथिन तोडणारं द्रव्य असतं, शेली आणि आर्थर या दोघांनी १९५५ मध्ये त्यावर काम केलं, आणि ते हिस्टामीनच्या वाटेनं जातच नाही, त्याची वाट निराळी, तंतू निराळे. म्हणजे खाजेचे रस्ते एकाहून जास्त आहेत, आणि आपण जी ॲलर्जीची गोळी घेतो ती त्यातला एकच रस्ता अडवते. तुम्हाला कोणी सेट्रिझिन दिली असेल आणि फरक पडला नसेल तर त्यात नवल नाही. जुन्या काळच्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी जो आराम वाटतो तो बराचसा झोप येते म्हणून.

कोरड्या कातडीची खाज बरीचशी याच दुसऱ्या रस्त्याची. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा, मृत पेशी ह्या विटा आणि मधे चुना म्हणून स्निग्ध पदार्थ. चुना धुऊन गेला की भेगा पडतात, आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं नको ते आत शिरतं, आणि खाजेचे तंतू जे खाली असायला पाहिजेत ते अशा कोरड्या कातडीत वरच्या थरात जास्त वर वाढून येतात असं दिसलंय. मग नुसती गोधडी घासली तरी बातमी वर जाते. ही बातमी नेणारे तंतूही फार मंद, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, आपण बाजारात चालतो साधारण त्या चालीने, स्पर्शाचे तंतू याच्या कितीतरी पट वेगवान.

खाजवलं की बरं का वाटतं तर खाजवणं म्हणजे स्वतःला केलेली छोटी इजा. दुखल्याची बातमी मणक्यात पोचली की खाजेची बातमी तिथंच दाबली जाते. पण दुखलं म्हणून मेंदू सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो आणि त्याने खाजेच्या पेशी उलट जास्त भडकतात, उंदरांवरच्या प्रयोगात हे २०१४ मध्ये दाखवलंय. म्हणजे फुटपट्टी आज रात्री तुमची मैत्रीण आणि पंधरा मिनिटांनी वैरीण.

रात्रीच का? रात्री कातडीचं तापमान वाढतं, कातडीतून पाणी जास्त उडतं, अंगातलं सूज दाबणारं नैसर्गिक कॉर्टिसोल कमी झालेलं असतं, आणि मुख्य म्हणजे समोर गिऱ्हाईक नसतं. डोक्यात आहे असं वहिनी म्हणतात ते एका अर्थी बरोबर, सगळ्याच जाणिवा डोक्यात असतात, पण त्याचा अर्थ खोटी आहे असा नाही.

एक गमतीची गोष्ट सांगून थांबतो. डाव्या हाताला खाज असेल तर आरशात बघत उजवा हात खाजवायचा, मेंदू फसतो आणि थोडा आराम पडतो. हा शोध लावणाऱ्या जर्मन मंडळींना २०१६ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. करून बघा, दार लावून.

धन्वंतरी_सेवक

एवढं लांबलचक कशाला. सगळं पोटातून येतं. पित्त आणि रक्तदोष. आठ दिवस रेच घ्या, वांगं, आंबट, चहा बंद, खाज जाते का नाही बघा. आमच्या गावात किती जणांना बरं केलंय.

काचपट्टी

@धन्वंतरी_सेवक, दादा ते महिनाभर वांगं सोडून बसलेच आहेत आणि खाज तशीच आहे, ते वाचलंत का. कोरडं पडलेल्या माणसाला आठ दिवस जुलाब देऊन अजून कोरडं करायचं म्हणजे काय. वांग्याने काहींना खरंच तोंडात, ओठांना खाजतं, ते वेगळं, ते खाल्ल्या खाल्ल्या होतं, दोन महिने फक्त रात्री नडगीला नाही होत.

गिरणाकाठी भाऊ, मी जळगावला एकोणतीस वर्षं लॅबमध्ये काढली, डॉक्टर नाही पण कोणाला कशासाठी कुठली टेस्ट लिहून येते ते बघून बघून थोडं कळतं. तुमच्या पोस्टवरून मला जे विचारावंसं वाटतं ते असं. आंघोळीचं पाणी किती गरम घेता? दिवसातून किती वेळा? पाणी नळाचं की बोअरचं? अंग कशाने घासता? घरात अजून कोणाला खाज आहे का, एकालाही? ती ट्यूब कोणती, खोक्यावर बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते वाचा, नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सोल" येतंय का, क्लोबेटासोल, बीटामेथासोन वगैरे. हे स्टेरॉइड असतं. खाज नायट्याची असली तर ते लावलं की चार दिवस सगळं शांत आणि खाली रोग वाढत राहतो, कातडी पातळ होते ते वेगळंच. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी काउंटरवर काय चालतं ते आपल्याला माहितीये.

आणि कुठे खाजतं, कधी खाजतं हे लिहून ठेवा, डॉक्टरला अर्धं काम त्यातच होतं. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीजवळ आणि नाड्याची जागा असेल आणि घरातले अजून दोघं खाजवत असतील तर खरूज. तळहात तळपाय असेल, लघवी गडद, डोळे पिवळसर, तर लिव्हर. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर अंगभर असह्य खाजत असेल आणि तोंड लालबुंद असेल तर रक्त जाड होण्याचा एक आजार आहे त्यासाठी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी बघतात. लोह कमी असलं तरी खाजतं, थायरॉइड वरखाली असलं तरी, किडनी हळूहळू खराब होत असली तरी. बीपीच्या काही गोळ्या, ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, त्यांनीही होतं (म्हणून लगेच गोळी बंद करू नका कोणी, आधी विचारा). वजन विनाकारण उतरतंय, रात्री घामाने बनियन पिळून निघतंय, मानेत काखेत गाठ लागतेय तर एक दिवस थांबू नका.

घाबरवायला नाही सांगत. बहुतेकांचं कोरड्या कातडीवरच निघतं. पण सहा आठवड्यांच्या वर गेली की डॉक्टर तिला जुनाट खाज धरतात आणि मग सीबीसी, शुगर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर, टीएसएच (थायरॉइडसाठी) एवढं एकदा करून घ्यायला हरकत नाही, एकाच वेळी रक्त देऊन होतं. तुमचं दिवाळीपासून म्हणजे झालेच सहा आठवडे. स्किनवाल्याकडेच जा.

रावेरची_सून

काचपट्टी ताईंनी तळहात तळपाय लिहिलं म्हणून लिहितेय नाहीतर इथं लिहिणार नव्हते.

तीन वर्षांपूर्वी मला आठवा महिना चालू होता. मे महिना, आमच्याकडे केळीच्या बागेत पण झळा लागतात, ४५ च्या वर गेलेलं ऊन. तळपाय खाजायला लागले. पुरळ काहीच नाही. रात्री फरशीवर पाणी ओतून त्यात पाय ठेवून बसायचे, मिस्टर स्टीलच्या डब्याचं थंड झाकण फ्रीजमधून काढून तळव्याला लावायचे. सासूबाई म्हणाल्या पोट ताणतं म्हणून खाजतं, सगळ्यांना होतं. नणंद म्हणाली उष्णता, सब्जा पी. मलाही तेच वाटलं, पोटाला खाजलं असतं तर कदाचित मी काहीच केलं नसतं, पण मला पोटाला नाहीच, तळपायाला आणि मग तळहाताला, एवढं की पोळी लाटता लाटता लाटण्यावर हात घासायचे.

आठ दिवसांनी ठरलेली तारीख होती म्हणून दवाखान्यात गेले आणि उठता उठता सहज बोलले. डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या हे आधी का नाही सांगितलं. लिव्हरची आणि बाइल ॲसिडची टेस्ट लगेच करायला लावली, दुसरी टेस्ट बाहेर पाठवावी लागली, दोन दिवसांनी आली, वाढलेलं होतं. गरोदरपणात पित्त लिव्हरमध्ये अडून रक्तात साठतं त्याने ही खाज येते, आईला फक्त त्रास होतो पण फार वाढलं तर बाळाला पोटातच धोका असतो. गोळ्या चालू केल्या, दर आठवड्याला रक्त आणि बाळाचे ठोके, आणि तारखेच्या आधी कळा आणून डिलिव्हरी केली. मुलगी झाली, छान आहे, आत्ता माझ्या मांडीवर बसून मोबाईल ओढतेय. खाज चार पाच दिवसांत गेली, जशी आली तशी.

तर कोणाच्या घरी गरोदर बाई असेल आणि ती म्हणाली तळवे खाजताहेत तर प्लीज उष्णता म्हणू नका, त्याच दिवशी न्या.

कपाशी_आणि_कर्ज

@रावेरची_सून ताई, बरं झालं लिहिलं, बायकोला वाचून दाखवलं, आमच्या भावजयीला सातवा आहे.

माझा अनुभव खरजेचा. पोरगा होस्टेलवरून दिवाळीत घरी आला, रात्री खाजवायचा, आम्ही म्हटलं तिकडचं पाणी लागलं असेल. तो परत गेला. महिनाभराने मी, मग बायको, मग म्हातारा. अंगावर दिसत काहीच नव्हतं सुरुवातीला, माझ्या तर नाहीच. डॉक्टरने बोटाच्या बेचक्यात भिंग धरलं आणि म्हणाला ही बघा रेघ. अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतो तो किडा, कातडीत बीळ करून राहतो, आणि पहिल्यांदा झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात म्हणून कोणाकडून आलं हे कळतच नाही. परमेथ्रिनची क्रीम गळ्यापासून पायापर्यंत रात्री लावून सकाळी धुवायची, ती पण घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, ज्याला खाज नाही त्यानेही, आठ दिवसांनी परत. म्हातारा ऐकेना, म्हणे मला काही नाही झालेलं, त्याच्यामुळे आम्हाला सगळं दोनदा करावं लागलं. गोधड्या उन्हात, कपडे उकळत्या पाण्यात. उपचार बरोबर झाला तरी खाज दोन तीन आठवडे राहते हे आधी सांगितलं नसतं तर मी तिसऱ्यांदा लावली असती.

अजून एक, शेतात फिरणाऱ्यांसाठी. मान, पापण्या, कोपराचा खळगा, जिथं कपडा नसतो तिथंच खाजत असेल तर गाजर गवत बघा. आमच्या बांधावर कमरेएवढं. मी एकदा उघड्या हाताने उपटलं होतं, परत नाही. पण गिरणाकाठी भाऊचं नडगी पाठ म्हणजे ते नाही, हिवाळ्यात पँट घालूनच फिरत असणार.

भरीतवाला_भुसावळ

म्हणजे वांगं निर्दोष सुटलं ना? कोर्टाने नोंद घ्यावी.

गिरणाकाठी

सगळ्यांचे आभार, एवढे लोक लिहितील वाटलं नव्हतं. काचपट्टी ताई तुमचे प्रश्न दुकानात बसून वाचले नि मलाच लाज वाटली.

पाणी बोअरचं. इतकं जड की बादलीला आतून पांढरा थर बसतो, साबणाचा फेस होत नाही म्हणून आपण अजून साबण लावतो. तापवायला आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे, वडिलांच्या वेळचा, आणि मला पाणी असं लागतं की अंगातून वाफ निघाली पाहिजे. दोन वेळा आंघोळ, सकाळी एक आणि रात्री दुकान बंद केल्यावर एक, कारण दिवसभर सिमेंटच्या गोण्यांची धूळ, ती नाही धुतली तर जेवण जात नाही. आणि घासायला वजरी. नुसती पायाला नाही, नडग्यांना, पाठीला पण, बायकोकडून. खाजतं म्हणून अजून जोरात घासायचो.

ट्यूबचं खोकं कचऱ्यातून काढून वाचलं, क्लोबेटासोल आहे आणि बरोबर अजून तीन नावं.

घरात कोणाला खाज नाही. आरशाचा प्रयोग केला मास्तर. बायकोने दारातून बघितलं. विषय वाढवत नाही.

काचपट्टी

भाऊ वजरी आजच्या आज फेकून द्या. दुसऱ्या कोणाला देऊ पण नका.

सातपुडा_मास्तर

बंब, बोअर, सिमेंट, वजरी. चौघांनी मिळून भिंतीतला चुना खरवडलाय. साबण अल्कली, पीएच नऊ दहा, सिमेंट त्याहून वर, आणि कातडीला पाहिजे पाचच्या आसपास. जड पाण्यातल्या कॅल्शियमने साबणाचा जो चिकट साका होतो तो अंगावरच राहतो, म्हणून आंघोळ करूनही ताणल्यासारखं वाटतं. त्यात नडगीला तेलाच्या ग्रंथी आधीच कमी, म्हणून सुरुवात तिथून. रिपोर्ट काय येतो ते कळवा मात्र, अंदाजावर राहू नका.

गिरणाकाठी

महिन्याने लिहितोय, उशीर झाला, लग्नसराईत दुकान सोडता येत नाही.

धुळ्याला स्किनच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी काही बोलायच्या आधी माझी पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली आणि पेनच्या टोपणाने नडगीवर रेघ ओढली, पांढरी रेघ उमटली, पाटीवर खडूने ओढावी तशी. मग भिंग दिलं माझ्या हातात. मी काही दिसत नाही म्हणत होतो ना, भिंगातून बघितलं तर उन्हाळ्यात गिरणेचं पात्र सुकल्यावर गाळाला भेगा पडतात ना, चौकोन चौकोन, कडा वर वळलेल्या, हुबेहूब तसं. दोन महिने टॉर्च लावून बघत होतो आणि हे दिसलं नव्हतं कारण आम्ही लाल काहीतरी शोधत होतो.

रक्त सगळं तपासलं, क्रिएटिनिन ०.९, थायरॉइड, लिव्हर, शुगर सगळं ठीक. आता आंघोळ कोमट पाण्याने, पाच सात मिनिटांत उरकायची, साबण फक्त काख, जांघ, पावलं, बाकी अंगाला नुसतं पाणी. अंग रगडून पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत क्रीम, साधी, बिनवासाची. महाग वाटली तर आंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल पण चालेल म्हणाले. सिमेंटसाठी दुकानात फुल बाह्यांचा शर्ट. ट्यूब बंद.

पहिले चार दिवस काही फरक नाही, कोमट पाण्याने आंघोळ झाली असं वाटतच नव्हतं, कुडकुडत बाहेर यायचो आणि आई म्हणायची याला काहीतरी झालंय. आठव्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा लक्षात आलं की रात्री उठलोच नव्हतो.

पण सगळं नाही गेलं हे पण सांगतो. नडग्या, कंबर बंद. पाठीत डाव्या खांद्याच्या पात्याच्या आत एक तळहाताएवढी जागा आहे, ती अजून खाजते, हात नेमका पोचत नाही तिथंच, दाराच्या चौकटीला म्हशीसारखी पाठ घासावी लागते. परत गेलो. डॉक्टर म्हणाले ही वेगळी खाज, कातडीची नाहीच, मणक्यातून निघणारी नस स्नायूत किंवा मणक्यात दबली की ती ज्या जागेला जाते तिथं खाजतं, नाव मोठं आहे, नोटॅल्जिया पॅरेस्थेटिका. वीस वर्षं गोण्या त्याच खांद्यावर घेतल्या, त्याने असेल का विचारलं तर म्हणाले असू शकतं, छातीठोक नाही सांगता येत. पाठीचे खांद्याचे व्यायाम दिलेत, एक मिरचीच्या अर्काचं मलम आहे ते लावून बघू म्हणाले. आधी आग होते मग नस थकते म्हणे. लावलं. आग झाली. बायको हात साबणाने न धुता डोळ्याला लावून बसली, त्या रात्री घरात दोघंही जागे.

कपाशी_आणि_कर्ज

हाहाहा. मिरचीचं मलम हातमोजा घालून लावायचं असतं भाऊ. वहिनींना सांगा खान्देशी खुड्याची सवय असून पण डोळ्याला चालत नाही.

सातपुडा_मास्तर

मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच बारीक तंतूंना आधी पेटवतं आणि रोज लावत गेलं की ते गप्प बसतात. दिवसातून दोन तीनदा, नियमाने, आठवडा दोन आठवडे तरी लागतात. एकदा लावून सोडलं तर नुसती आगच पदरात.

भरीतवाला_भुसावळ

ते सगळं ठीक. वांग्याचं काय झालं ते सांगा.

गिरणाकाठी

परवा रविवारी मळ्यात गेलो होतो, कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली, पातीचा कांदा, हिरवी मिरची, वर शेंगदाणे तळून घातलेले, कळण्याची भाकरी. तीन वेळा घेतलं. रात्री आई मुद्दाम उठून बघून गेली खाजवतोय का म्हणून. घोरत होतो म्हणे.